भरल्या हंड्याचा फोटो

होळी झाली आणि खाणीतलं पाणी तळाला गेलं. कात्रजच्या वरच्या अंगाला जुन्या दगडखाणीच्या कडेनं तीसेक घरांची वस्ती होती. खाण बंद पडून बारा वर्षं झाली. खडी फोडायचं मशिन कुणीतरी भंगारात नेलं, मालक कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, माणसं मात्र तिथंच राहिली. मध्यंतरी वस्ती शहराच्या हद्दीत आली. म्हणजे घरांवर नंबर पडले, मतदानाच्या आधी तीन खांबांवर दिवे लागले, आणि पाण्याचं बघू, असं सांगण्यात आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या डांबरी रस्त्यावर टँकर यायचा. उरलेले पाच दिवस खाण.

सोजरबाईचा दिवस खाणीपासून सुरू व्हायचा. फटफटायच्या आत दोन खेपा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी हंडा, हंड्यावर कळशी. उतरताना गुडघे कुरकुरायचे, चढताना मान आत जायची. दाराशी आली की ती उंबऱ्यापुढं उभी राहून हाक मारायची, "हेमा, कळशी धर गं." सून बाहेर येऊन वरची कळशी उतरवून घ्यायची, मग सोजरबाई हंडा छातीशी घेत खाली ठेवायची. दोन्ही एकटीनं उतरवणं तिला आता जमत नव्हतं. नवरा दत्तोबा, त्याचा उजवा पंजा त्याच खाणीच्या मशिनानं खाल्ला होता. तो डाव्या हातानं विडी ओढायचा आणि चार शेळ्या राखायचा. मुलगा संभाजी हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. अंधारात जायचा, अंधार पडल्यावर यायचा.

हेमाला सातवा महिना लागला होता. गेल्या वर्षी याच दिवसांत तिला पाचवा होता आणि ती रिकामा हंडा घेऊन खाणीत उतरत होती. मुरमावरून पाय सटकला. हंडा गडगडत खाली गेला आणि त्याच्या मागून ती. पोर गेलं. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, पोटुशी बाई रिकामा हंडा घेऊन निघाली, दुसरं काय होणार. सोजरबाईनं ते ऐकून घेतलं आणि काळजात ठेवून दिलं, कारण त्या सकाळी हंडा हेमाच्या हातात दिला होता तो तिनंच. हंड्याला पडलेला पोचा तिनं ठोकून घेतला नाही. घासताना त्यावरून बोटं फिरायची, तेवढ्यापुरता रोज जीव कळवळायचा. त्या दिवसापासून हेमानं खाणीकडं पाऊल टाकायचं नाही, असा घरात कायदा झाला. आणि हेमापुढं रिकामं भांडं आणायचं नाही, असाही एक कायदा सोजरबाईनं स्वतःपुरता केला होता. घरात पाण्याचा ठणठणाट असला तरी मोकळा हंडा ती पालथा घालून कोपऱ्यात सारायची.

चैत्रात व्याही आले. हिंजवडीच्या पलीकडं मुळशीच्या वाटेवर त्यांचं गाव. ओढ्याला बारमाही पाणी, विहिरीला मोटार. त्यांनी चूळ भरायला तांब्या मागितला. सोजरबाईनं अर्धा तांब्या दिला. व्याह्यांनी तो हातात धरून आत बघितलं, चूळ न भरताच खाली ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"पोर न्यायला आलोय," ते म्हणाले. "बाळंतपण तिकडं करतो. फुडं धाडायची का न्हाई, ते हितलं पानी बघून ठरवू. एक नातू खानीत गेला, दुसरा न्हाई घालवायचा मला."

दत्तोबा विडीकडं बघत बसला. सोजरबाईला सगळं लख्ख दिसलं. संभाजीची बस सासऱ्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावरून सुटायची. बायको तिकडं, लेकरू तिकडं, नोकरी तिकडं. आठ दिवसांनी येईल, मग महिन्यानं येईल, मग सणाला येईल. त्याच्या वाटणीची ताटली फळीवरच राहील. तिनं व्याह्यांपुढं पदर पसरला नाही, पण आवाज मऊ केला. एक महिना द्या, म्हणाली. टँकर रोज आणि वर दारापर्यंत येईल असं करते, मग तर पोर राहू द्याल? व्याह्यांनी विचार केला आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर टेम्पो घेऊनच येतो, म्हणाले.

बिबवेवाडीला मंदाकिनीबाईंकडं सोजरबाई गेली सहा वर्षं स्वयंपाकाला जात होती. मंदाकिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण समोर वर्ग बसलाय असंच बोलायच्या. सोजरबाई भाकरीचं पीठ मळताना त्यांचा नळ उगाच चालू राहिला की तिचा हात आपोआप जाऊन तो बंद करायचा. त्या दिवशी नळ बंद करून ती तशीच उभी राहिली. बाईंनी काय झालं ते विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग कागद घेऊन बसल्या आणि दोन पानांचा अर्ज लिहिला.

"अर्ज मी झकास लिहिलाय," त्या चष्मा काढत म्हणाल्या. "पण तो वाचणार कोण? साहेब लोकांना वाचायचा कंटाळा असतो, बघायचा नसतो. सोबत फोटो लावा. तुमचं रोजचं जगणं दिसू दे. चूल, भांडी, खाण, सगळं जसं आहे तसं."

अर्ज द्यायची मुदत वीस तारखेची होती. पुढचे पंधरा दिवस बाई मुलीकडं जाणार होत्या, तेव्हा फोटो लावून अर्ज परस्परच ऑफिसात द्या, असं त्यांनी बजावलं. सोजरबाईनं तो कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात खोचला.

फोटोसाठी माणूस शोधायची गरज नव्हती. कात्रजच्या जुन्या रस्त्यावर सिराजभाईंचा स्टुडिओ होता. दत्तोबा-सोजरबाईच्या लग्नाचा फोटो सिराजभाईंच्या वडिलांनी, करीमचाचांनी काढला होता. त्यात दत्तोबाचे दोन्ही पंजे गुडघ्यांवर नीट ठेवलेले होते, म्हणून घरात तो फोटो जपला होता. पन्नाशीच्या सिराजभाईंनी वस्तीतली लग्नं, बारशी, रेशनकार्डं, सगळ्यांचे फोटो काढले होते. एकेका माणसाला स्टुलावर बसवून, पावडरचा पफ फिरवून, हनुवटी दोन बोटांनी वर करून ते म्हणायचे, जरा हसा. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून विस्कटल्या केसांचा फोटो बाहेर पडला नव्हता. अर्जाचं ऐकल्यावर ते लगेच तयार झाले. रविवारी येतो, म्हणाले, आणि पैशाचं नाव काढू नका.

बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. फोटो म्हटल्यावर बायकांच्या अंगात आलं. शुक्रवारचा टँकर आला तेव्हा भांडणं झाली, पण नेहमीची नव्हेत. त्या दिवशी जी ती दोन हंडे जास्त मागत होती. त्यातल्या निम्म्या पाण्यानं भांडी घासली गेली. चिंच, राख, वर लिंबाची फोड. शनिवारी सारवणं झाली, दारापुढं शेणाचे सडे पडले, ट्रंकेतली पातळं बाहेर निघाली. सोजरबाईनंही आपला पोचा पडलेला हंडा घासून आरसा केला. कुणी बघायला येणार म्हटल्यावर घर नीट करायचं, एवढं तिला कळत होतं. फाटक्या अवतारात कुणापुढं उभं राहायला तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं.

आणि सिराजभाई पाहुणे. पाहुण्याला कोरडी भाकरी घालायची म्हणजे कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळल्यासारखं. तिनं मंदाकिनीबाईंनी दिलेला रवा काढला. शिरा केला, शेंगदाण्याची आमटी केली, ज्वारीच्या भाकरी थापल्या, कांदा फोडला. स्वयंपाकाला अर्धी कळशी लागली, ती तिनं मोजून बघितली नाही.

सिराजभाई दहाच्या सुमाराला वर आले. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर पिशवी. पिशवीत सवयीनं कंगवा आणि पावडरचा डबा होताच. आल्या आल्या त्यांनी चुलीवरच्या भाकरीचा फोटो काढला, मग वाढलेल्या ताटाचा, मग त्या ताटावर जेवले. आमची बायको हमीदा असा शिरा करत नाही, म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. जेवण झाल्यावर ते अंगणात आले आणि थबकले. तीसेक बायका नटूनथटून ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढं लखलखीत हंडे, आणि एकूण एक हंडा काठोकाठ भरलेला.

"ताई," सिराजभाई हळू आवाजात सोजरबाईला म्हणाले, "आपल्याला पाणी नाही असा फोटो पाहिजे ना? मग हे हंडे जरा मोकळे..."

सोजरबाईनं ओळीकडं बघितलं. ओळीच्या मधोमध हेमा उभी होती, हिरव्या पातळात, पोट वर आलेलं, कमरेवर तो पोचा पडलेला हंडा. तो सकाळी मोकळाच होता. हेमानं तो तसाच कमरेवर घेतला तेव्हा सोजरबाईनं धावत येऊन काढून घेतला होता. घरातलं प्यायचं पाणी, होतं नव्हतं ते सगळं, तिनं त्यात ओतलं होतं. अर्धाच भरतोय म्हटल्यावर शेजारणीकडून तांब्यातांब्यानं मागून आणून तो काठाला लावला होता.

"तिच्या हातात मोकळा हंडा देऊ का म्या?" ती म्हणाली. "तुमचा फोटू भितीवर ऱ्हातोय, सिराजभाई. पोर जलमंल, मोठं हुईल, तरी ती तशीच उभी ऱ्हाईल त्यात. मोकळा हंडा घेऊन."

सिराजभाईंनी हेमाकडं बघितलं. त्यांनाही लेकीबाळी होत्या. हंड्यांचं राहू द्या, म्हणाले. आपण खाणीचा काढू, त्यात येईल सगळं. पण खाणीच्या कडेवरून काढलेल्या फोटोत तळाला साचलेलं हिरवं डबकं उन्हात चकाकत होतं, ते एवढ्या उंचावरून तळ्याएवढं दिसत होतं. पुन्हा अंगणात आल्यावर त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि तीस वर्षांची सवय हाताच्या पुढं धावली. पदर नीट घ्या, म्हणाले. त्या आजी, इकडं या. हेमा, मान जरा वर. मग नेहमीचं तेच, "जरा हसा."

वस्ती हसली.

बुधवारी फोटो आले. ते बघायला अंगणात जत्रा जमली. ज्या कधी आरशात नीट दिसल्या नव्हत्या त्या बायका आपापला चेहरा शोधून तोंडाला पदर लावत होत्या. सगळ्यांत देखणा हेमाचा आला होता. मागं सारवलेली भिंत, कमरेवर भरला हंडा, हंड्याच्या काठावर पाण्याचा एक थेंब लोंबकळतोय. दत्तोबानं तो डाव्या हातात धरून किती वेळ पाहिला. एकट्या हेमाच्याच कपाळाला आठी पडली.

"आत्याबाई, यात तर पानी दिसतंय," ती म्हणाली.

"दिसू दे," सोजरबाई म्हणाली. "तुजी दिष्ट काढली पायजे आधी."

पोर बरोबर बोलली होती आणि आपल्याला ते कळलं नाही, हे सोजरबाईला पुढं आयुष्यभर बोचणार होतं. त्या वेळी तिनं मीठमोहऱ्या घेतल्या, सुनेवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी अर्जाला टाचणीनं फोटो लावून ती आणि दत्तोबा ऑफिसात गेले.

पाण्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात थंड पाण्याचं मशिन होतं, त्याला साखळीनं पेला बांधलेला होता. दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. साहेब चाळिशीचे, अंगानं शिडशिडीत, बोलण्यात आवाज न चढवणारे. त्यांनी अर्जाची दोन पानं उलटली, वाचली नाहीत, आणि फोटोंवर आले. एकेक करून टेबलावर मांडले. खुर्च्या दोन रिकाम्या होत्या, पण बसा असं कुणी म्हटलं नाही.

"बाई, हे हंडे रिकामे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब. भरल्यालं हायती."

"कुठल्या पाण्यानं?"

"टँकरच्या."

"शुक्रवारच्या टँकरचं पाणी रविवारी काठोकाठ. म्हणजे टँकर पुरतो." साहेबांनी पुढचा फोटो उचलला. "आणि हा शिरा?"

"पावनं आलं व्हतं."

"कोण?"

"फोटूवालं," सोजरबाई म्हणाली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पलीकडच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, आपल्याकडं बऱ्याच वस्त्यांचे फोटो येतात, कळशा रिकाम्या, पोरं उघडी, बायका भांडतायत. इतकी टवटवीत वस्ती पहिल्यांदाच बघायला मिळतेय. आपण सुखी आहात, आपलं अभिनंदन. सोजरबाईनं सांगायचा प्रयत्न केला. सून गरवार हाय, तिच्या हातात मोकळा हंडा कसा द्यायचा, म्हणून भरला, गेल्या साली असं असं झालं. ते सगळं बाहेर पडताना एकमेकांत अडकलं आणि तिचं तिलाच ऐकवेना. दत्तोबानं पुढं होऊन नमस्कार करायला हात जोडले. उजवीकडं पंजा नव्हताच, त्यामुळं तो नमस्कारही धड झाला नाही.

"समजलं," साहेब म्हणाले. "हा एक फोटो मात्र मी ठेवून घेतो. छान आलाय." आणि हेमाचा फोटो त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला.

पुढच्या मंगळवारी टँकर आला नाही. शुक्रवारीही आला नाही. खाली चौकशी केल्यावर कळलं, तो दुसऱ्या वस्तीला दिलाय. इथली गरज भागते, असा शेरा पडलाय. हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बायका परत वर चढल्या. वाटेत सोजरबाईशी कुणी बोललं नाही. फोटोच्या दिवशी जिनं सगळ्यांत भारी पातळ नेसलं होतं तीच सगळ्यांत पुढं थुंकली. चढावर तिची चुंबळ सुटली, ती उचलून द्यायला कुणी वाकलं नाही.

त्यानंतर खाणीच्या खेपा दोनाच्या पाच झाल्या. पाणी एवढं खाली गेलं होतं की हंडा बुडत नव्हता; खडकाच्या खळग्यात वाटी घालून घालून भरावा लागायचा. एका हंड्याला पाऊण तास. फडक्यातून गाळलं तरी पाण्याला वास यायचा. मंदाकिनीबाईंच्या घराची किल्ली तिच्याकडं होती, कुंड्यांना पाणी घालायचं काम होतं. गुलाबाला नळी लावताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. पाणी मातीत जिरताना बघवत नसे. दोनदा तिनं तिथून पाच लिटरचा डबा भरून बसनं आणला. तिसऱ्या वेळेला कंडक्टरनं सांडलेल्या पाण्यावरून सगळ्यांदेखत तिचा उद्धार केला, तेव्हापासून तेही सोडलं.

सिराजभाईंना टँकरचं कळलं तेव्हा ते स्वतः चालत वर आले. ताई, चूक माझी, म्हणाले; मी फोटोग्राफर, मला कळायला पाहिजे होतं. अब्बा असते तर थोबाडीत मारली असती. सोजरबाईनं त्यांना पाणी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घरी आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही.

"मंग आता काढा," ती म्हणाली. "हाय तसा काढा."

ती विंचरली नव्हती, पदर बदलला नव्हता. ती पुढं आणि सिराजभाई मागं, असे दोघं खाणीत उतरले. त्यांनी वाटीचा फोटो काढला. खळग्यावर ओणव्या झालेल्या तिच्या पाठीचा काढला. भेगाळलेल्या टाचांचा, पालथ्या हंड्यांच्या ओळीचा, चुलीपुढच्या कोरड्या परातीचा काढला. या खेपेला ते एक शब्द बोलले नाहीत. ती वर बघून थांबली तेव्हा त्यांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, पण त्यांनी तोंड मिटून घेतलं. हेमा घरात बसून राहिली; तिला कुणी बोलावलं नाही.

अक्षय्यतृतीयेला तीन दिवस होते. साहेबांच्या टेबलावर तिनं नवे फोटो ठेवले. काचेखाली हेमा हसत होती, तिच्याच शेजारी ते आले.

साहेबांनी आधी काचेखाली पाहिलं, मग वर. हंड्याच्या पोच्यावर बोट ठेवलं. "हंडा तोच," ते म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी भरलेला, आज पालथा. वस्ती तीच. तेव्हा इस्त्रीची पातळं, आज चिंध्या. आता यातला खरा कुठला मानू मी?"

"दोन्ही खरं हायती, साहेब."

"दोन्ही खरे नसतात हो." साहेबांनी फोटोंची चळत सारखी करून तिच्याकडं सरकवली. "पहिला कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा काढलात. हा दुसरा कुणीतरी शिकवून काढून घेतलाय. इतका वाईट चेहरा करायला बराच सराव लागला असेल. पावसाळ्यानंतर पाहणी आहे, तेव्हा बघू."

"पावसाळ्यानंतर खान भरती, साहेब," ती म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले.

ती जिना उतरली. साखळीचा पेला लोंबत होता. तिला तहान लागली होती, घशाला कोरड पडली होती, पण त्या पेल्याला तिनं हात लावला नाही. चेहऱ्यावर हात फिरवून बघितला. खरा होता तो चेहरा, दुसरा कुठून आणणार होती ती? उभ्या जन्मात तिनं एकदाच खोटं केलं होतं, ते सुनेच्या मायेपोटी, आणि साहेबानं तेवढंच खरं धरलं. बसस्टॉपवर तिनं ते फोटो दोनदा फाडायला घेतले आणि पुन्हा पिशवीत ठेवले.

अक्षय्यतृतीयेला सकाळीच व्याही टेम्पो घेऊन येणार होते. संभाजीला सुट्टी मिळाली नव्हती. परस्पर संध्याकाळी तिकडं येतो, असं तो आदल्या दिवशी म्हणाला. तिकडं येतो, हे त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की सोजरबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकायच्या ऐवजी परातीतच ठेवली. त्याचे दोन शर्ट हेमाच्या पिशवीत आधीच गेले होते. तिनं ते पाहिलं आणि वर हेमाचं टोपड्या-दुपट्यांचं गाठोडं ठेवलं, म्हणजे आपल्याला दिसायला नको.

सुवासिनीला, त्यातून पोटुशीला, वाटेला लावायचं तर समोर भरला हंडा हवा. घरात पाणी नव्हतं. सोजरबाई पहाटेच खाणीत उतरली. वाटी खडकाला घासत होती, प्रत्येक वाटीबरोबर थोडा गाळ येत होता, तो निवळू देऊन ती वरचं वरचं ओतत होती. हंडा भरला, कळशी भरली, तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. वरून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. दत्तोबाची हाक आली. तिनं कळशी हंड्यावर चढवली, दातओठ खाऊन बोजा डोक्यावर घेतला आणि मुरमाची वाट चढायला लागली. गेल्या वर्षी हेमा जिथं घसरली होती तिथं एका पायानं चाचपून दुसरा टाकला. पोटऱ्या थरथरत होत्या. आज पडायचं नाही, एवढंच ती स्वतःला सांगत होती.

ती वर आली तेव्हा टेम्पो घरापासून निघून वळणावर येऊन पोचला होता. व्याही पुढं बसले होते. मागं गाठोडी, त्यांच्यात हेमा, आणि तिला कात्रजपर्यंत पोचवायला निघालेला दत्तोबा. सोजरबाई वाटेच्या कडेला समोर येऊन उभी राहिली. एका हातानं बोजा सावरला, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. जाणाऱ्या लेकरापुढं रडकं तोंड दाखवायचं नसतं. ती हसली. काठोकाठ भरलेल्या कळशीतून एक ओघळ तिच्या कपाळावर उतरला, तो तिनं पुसला नाही.

टेम्पो हळू झाला. हेमानं आतून हात बाहेर काढला. "आत्याबाई, येते," ती म्हणाली. येते म्हणतात, जाते म्हणत नाहीत. पण व्याह्यांनी सोजरबाईच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरच्या हंड्याकडं तेवढं पाहिलं, आणि ड्रायव्हरला चल म्हणाले.

धुरळा बसेपर्यंत ती तशीच हसत उभी होती. मग वळली आणि घराकडं निघाली. वस्तीतल्या दोघीतिघी दारात होत्या, त्यांनी दारं ओढून घेतली. अंगणात शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या आणि पाणी बघून ओरडायला लागल्या होत्या. उंबऱ्यापुढं येऊन ती नेहमीच्या जागी थांबली, गुडघे जरा वाकवले, मान ताठ धरली.

"हेमा, कळशी धर गं," तिनं हाक मारली.

हाक तोंडातून गेल्यावर तिला कळलं. शेजारची दारं मिटलेलीच राहिली. हंडा उतरत नव्हता, टाकवत नव्हता, मान भरून आली होती. दत्तोबा कात्रजहून चालत परत यायला तास-दीड तास लागणार होता, आणि आला तरी त्याला एकच हात होता. सोजरबाई डोक्यावर भरला हंडा घेऊन आपल्याच दारात उभी राहिली.